होडीला 'पुरे' कोण म्हणणार?

लिफ्टमध्ये उभे असताना माणसाला करण्यासारखे काहीच नसते. त्यामुळे समोरची पाटी वाचली जाते. '६ व्यक्ती, ४०८ किलो.' आकड्यांची खोड असलेला माणूस लगेच भागाकार करतो. माणशी ६८ किलो. आठ जणांच्या लिफ्टवर ५४४ किलो लिहिलेले असते. तिथेही माणशी ६८ च. म्हणजे कुणीतरी बसून आपले सरासरी वजन धरले, हिशेब केला आणि त्याचे उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आणून लावले.

आता एखाद्या तलावावरची किंवा नदीवरची होडी आठवा. रंग नवा, नाव देवाचे, पुढच्या टोकाला हार. पण या होडीत किती माणसे बसावीत, हे कुठे लिहिलेले दिसते का? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, 'बसा हो, होतंय!' लिफ्ट अडकली तर माणूस घामाघूम होतो. होडी उलटली तर काय होते, ते आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

सोलापूर जिल्हा म्हणजे दुष्काळ, असे बाहेरचे लोक समजतात. पण भीमेवर १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि ११७ टी.एम.सी.चा यशवंतसागर आपल्या दारात आला. गावे पाण्याखाली गेली, रस्ते तुटले. समोरासमोरच्या गावांना एकमेकांकडे जायचे तर सडकेने लांबचा वळसा, नाहीतर होडी. त्यामुळे करमाळ्याच्या आणि इंदापूरच्या काठांवरची माणसे बाजारहाटाला, सोयरिकीला होडीनेच जात आली. माणसांबरोबर दुचाक्याही चढतात. पुढे रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईचे लोक भिगवणकडे येऊ लागले आणि मासेमारीच्या होड्यांना सहलीचेही काम मिळाले.

३० एप्रिल २०१७ ला आपल्याच जिल्ह्यातले दहा डॉक्टर उजनीत सहलीला गेले होते. होडी उलटली. चौघे परत आले नाहीत. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात सापडली. होडीत सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला. दोन लहान मुलांसह सहा जण बुडाले.

सात जण! हा आकडा मुद्दाम पुन्हा लिहिला. होडी बुडाली की आपण म्हणतो, 'माणसे कोंबली असतील.' बऱ्याचदा ते खरेही असते. पण कोणत्याही होडीची क्षमता निवांत पाण्यातली एक आणि वळवाच्या वाऱ्यातली दुसरी असते. मैल मैल मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की लाटा वाढत जातात आणि होडीचा काठ पाण्यापासून किती उंच उरला आहे, यावर सगळे ठरते. सकाळी हातभर असलेला काठ माणसे चढता चढता वीतभर होतो. मग एक लाट आत येते.

लाट आत आली म्हणजे कपडे भिजतात एवढेच नाही. होडीचा तळ दहा चौरस मीटरचा धरा. त्यात दहा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम घोट्यापर्यंत पाणी साचले तर ते १००० लिटर झाले, एक टन. लिफ्टच्या हिशेबाने हे चौदा-पंधरा माणसांचे ओझे झाले. शिवाय हे 'प्रवासी' एका जागी बसत नाहीत. होडी डावीकडे कलली की सगळे डावीकडेच धावतात आणि तिला आणखी कलवतात. घाबरलेली माणसेही तेच करतात. 'बुडत्याचा पाय खोलात' ही म्हण ज्याने केली, त्याने होडी पाहिलेली असावी.

केरळात थेक्कडीच्या जलाशयात ३० सप्टेंबर २००९ ला दुमजली बोट उलटून ४५ पर्यटक गेले. रानातली जनावरे पाहायला माणसे एका बाजूला सरकली होती. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. तिथेही लाटेने कललेल्या बोटीत माणसे एका बाजूला लोटली गेली होती. तेव्हा माणसे किती, या प्रश्नाबरोबर ती कुठे आणि कशी बसली आहेत, हाही प्रश्न आहे.

आणि माणूस किती किलोचा? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्ज नावाचे सरोवर आहे. २००५ मध्ये तिथे 'इथन ॲलन' ही सहलीची बोट उलटून वीस वृद्ध गेले. कागदावर तिला ४८ प्रवाशांची परवानगी होती आणि प्रवासी एक कमीच होते. पण ती परवानगी माणशी साडेत्रेसष्ट किलो धरून दिलेली होती. दरम्यान माणसे जाड झाली होती आणि बोटीवरचे कापडी छत जाऊन लाकडी आले होते. चौकशीत निघाले की त्या बोटीत १४ माणसेच बसवायला हवी होती. प्रवाशांची मर्यादा पाळली गेली आणि माणसे बुडाली, कारण आकडा जुना होता. पुढे तिथल्या तटरक्षक दलाने प्रवाशाचे धरायचे वजन वाढवून सुमारे ८४ किलो केले.

मी आयुष्य बँकेत काढले. कर्जमर्यादा मंजूर झाली की ती कायमची नसते. दर वर्षी मालाचा साठा बघून ती नव्याने ठरवायची असते. शिवाय मालाच्या पूर्ण किमतीइतके कर्ज आम्ही कधी देत नसू. मध्ये 'मार्जिन' ठेवायचो, कारण बाजार पडतो. होडीचा काठ आणि पाणी यांच्यामधली ती वीत म्हणजे होडीचे मार्जिन. नावाडी तीच वीत दोन तिकिटांना विकतो.

नावाड्याला एकट्याला दोष देऊन मात्र भागणार नाही. पंढरपूरच्या चंद्रभागेत पिढ्यान्पिढ्या होड्या चालवणारा कोळी समाज नदी जितकी ओळखतो, तितकी कुठलीच समिती ओळखत नाही. पण वारीचे दिवस मोजके. वर्षाची कमाई त्यातच. शेजारचा दहा बसवतो आणि आपण आठ, तर घरी काय सांगायचे? नियम सगळ्यांना सारखा असेल तरच प्रामाणिक माणसाला तो परवडतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला. त्यात यांत्रिक बोटींची तपासणी, नोंदणी आणि प्रवाशांची मर्यादा आहे. बिनयंत्राच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवली आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये होडीच्या सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. तरीही १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात चौदा जणांच्या होडीत त्याच्या दुपटीच्या आसपास मुले आणि शिक्षक बसवले गेले. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. कागद दप्तरात राहिला, काठावर पोहोचला नाही.

म्हणून सुट्टीत मुलाबाळांना घेऊन जाताना काही गोष्टी आपणच पाहाव्यात. पाटी नसेल तर लहान साध्या होडीसाठी एक ढोबळ हिशेब अमेरिकेत वापरतात. लांबी आणि रुंदी फुटांत मोजून गुणायची आणि पंधराने भागायचे. अठरा फूट लांब, सहा फूट रुंद होडी असेल तर सात माणसे, तीही नावाडी धरून आणि पाणी शांत असताना. दुचाकी चढणार असेल तर तिचे शंभराच्या पुढचे किलो त्यातूनच वजा करायचे. जाकीट होडीत आहे का, असे विचारून भागत नाही. ते अंगावर, बंद बांधून हवे. मूल मांडीवर घेतले म्हणून त्याचे वजन नाहीसे होत नाही. आभाळ भरून आले असेल तर काठावर चहा प्यावा.

आणि भीड सोडावी, हे सगळ्यांत अवघड. दहा नातेवाईक चढलेले असतात, अकरावा काठावर उभा असतो आणि त्याला मागे ठेवणे बरे दिसत नाही. आपल्याकडे कित्येक माणसे बरे दिसावे म्हणून बुडालेली आहेत. दोन फेऱ्या केल्या तर अर्धा तास जातो, एवढेच.

इंग्लंडात सॅम्युएल प्लिमसोल नावाचा एक खासदार होता. मालाने खच्चून भरलेली जहाजे विमा उतरवून समुद्रात धाडली जात आणि खलाशी बुडत. त्याने संसदेत वर्षानुवर्षे भांडण मांडले आणि १८७६ मध्ये कायदा झाला: जहाजाच्या अंगावर एक रेघ ओढायची, ती पाण्याखाली गेली की आणखी भरायचे नाही. आपल्या उजनीवर, चंद्रभागेत, गावोगावच्या तलावांवर प्रत्येक होडीच्या दोन्ही अंगांना अशी पांढरी रेघ ओढायला आणि शेजारी ठळक मराठी आकडा रंगवायला किती खर्च येईल? रंगाचा एक डबा आणि एक कुंचला. आकडा वाचायला निदान शाळेत जावे लागते. रेघ काठावर उभ्या असलेल्या आजीलाही दिसते आणि ती बुडाली की आजी नातवाचा हात धरून मागे ओढू शकते.