पाच सूत आणि सोळा मिलिमीटर

बिनतारी यंत्र कितीही उत्तम असले, तरी त्यातील शक्ती अँटेनापर्यंत पोहोचते ती बोटाएवढ्या पितळी जोडणीतून. हौशी रेडिओचा छंद करणाऱ्यांना या जोडणीचे महत्त्व सहसा पावसाळ्याच्या तोंडावर कळते. वादळाने छपरावरील तार तुटते, बाजारातून नवी केबल आणि नवा प्लग आणला जातो, आणि प्लगचा नट बैठकीवर फिरवू लागताच तो दोनतीन फेरे सुखाने जाऊन अडतो. दिसायला दोन्ही भाग एकाच जातीचे असतात. मग हात पक्कडीकडे जातो, आणि खरे नुकसान तेथून सुरू होते.

हा नट का अडतो, हे समजण्यासाठी थोडे मोजमाप करावे लागेल. १९३० च्या दशकात अमेरिकेतील अँफेनॉल या कंपनीतील क्वाकेनबुश नावाच्या अभियंत्याने जी जोडणी तयार केली, तीच आजही हौशी केंद्रांत सर्वाधिक आढळते. तिच्या प्लगला पी. एल. २५९ आणि बैठकीला एस. ओ. २३९ म्हणतात. बैठकीवरील आट्यांचा व्यास ५/८ इंच असून एका इंचात असे २४ आटे असतात. आपल्याकडील फिटर इंचाच्या आठव्या भागास 'सूत' म्हणतात. त्यांच्या भाषेत सांगायचे तर ही पाच सुती जोडणी होय. पाच सूत म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. परंतु मेट्रिक मापे रुळलेल्या देशांतील काही कारखान्यांनी हीच जोडणी बनविताना १६ मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटर अंतरालाचे आटे पाडले. या दोहोंच्या व्यासांत फरक केवळ एक अष्टमांश मिलिमीटरचा आहे.

येथे 'अंतराल' या शब्दाविषयी एक खुलासा करणे इष्ट ठरेल. लगतच्या दोन आट्यांमधील अंतरास इंग्रजीत 'पिच' म्हणतात. त्याच शब्दाने क्रिकेटची खेळपट्टी, गायकाच्या स्वराची उंची आणि डांबर या तिन्ही वस्तू ओळखल्या जात असल्यामुळे अनुवादकाची बरीच तारांबळ उडते. कारखान्यातील कामगार मात्र 'पिच' असेच म्हणतो आणि त्याचे अडत नाही.

पाच सुती जोडणीचे अंतराल १.०५८ मिलिमीटर भरते. म्हणजे प्रत्येक आट्यामागे दोन्ही प्रकारांत सुमारे ०.०५८ मिलिमीटरची तफावत पडते. पहिल्या फेऱ्यात ती आट्यांमधील ढिलेपणात लपून जाते. चार आटे गुंतले की ती ०.२३ मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ पाव आट्याएवढी. मग धातूवर धातू चढतो. शिवाय दोन्ही प्रकारांत आट्यांचा कोन ६० अंशांचाच असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना काहीच उमगत नाही. मुळीच न बसणारी वस्तू आपण लगेच बाजूला ठेवतो. किंचित बसणारी वस्तू आपल्याला जोर लावावयास भाग पाडते.

मळसूत्रांचा हा गोंधळ जुना आहे. एकेकाळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमध्ये ५५ अंशांच्या कोनाचे एकच प्रमाण सुचविले. १८६४ साली विल्यम सेलर्स यांनी अमेरिकेत ६० अंशांचे निराळे प्रमाण मांडले. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बाल्टिमोर शहरास भीषण आग लागली, तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब धावून आले. परंतु त्यांच्या नळ्यांच्या जोडण्या बाल्टिमोरच्या पाण्याच्या खांबांना बसेनात, आणि पंधराशेहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. दुसऱ्या महायुद्धातही इंग्रजी आणि अमेरिकी सुटे भाग एकमेकांस बसत नसत. म्हणून १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांचे सामाईक इंची प्रमाण स्वीकारले. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे पत्करली. तथापि कायद्याने दुकानातील फळी रिकामी होत नाही. आजही तेथे सुती बोल्ट आणि मेट्रिक बोल्ट शेजारीशेजारी नांदतात.

मोटारीवर उभ्या करावयाच्या अँटेनाचीही अशीच गत होते. अशा पुष्कळशा अँटेनांच्या बुडाशी तीन सुती, इंचास २४ आट्यांचा बोल्ट असतो. हार्डवेअरच्या दुकानात तीन सुती बोल्ट मागितला, तर बहुधा हाती पडतो तो इंचास १६ आट्यांचा. जाडी तीच, आटे मात्र दुसरेच. याच्या उलट, पाच सुती जोडणी आणि 'एन' जातीची जोडणी यांचे आटे एकच असूनही आतील सळई एकीची सुमारे ४ मिलिमीटर आणि दुसरीची अवघी १.६ मिलिमीटर जाडीची असते. तेथे आटे जुळतात, पण विजेची वाट जुळत नाही.

विजेच्या दृष्टीने काय बिघडते, ते आता पाहू. समाक्ष केबलच्या मध्ये एक तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. मधली तार सळईतून जाते. जाळीची जोडणी मात्र आट्यांच्या नटाने दोन्ही भाग घट्ट आवळले गेले तरच पक्की होते. नट अर्ध्यावर अडला की हा संपर्क वाऱ्याच्या झुळकेसरशी तुटतो आणि जुळतो, व यंत्रात खरखर ऐकू येते. शक्ती अँटेनात न शिरता परत फिरते. मापकावर स्थिरतरंगांचे प्रमाण तीनास एक दिसले, तर धाडलेल्या १०० वॅटपैकी २५ वॅट परत येत आहेत असे समजावे. आधुनिक यंत्रे अशा वेळी स्वसंरक्षणार्थ आपली शक्ती आपणच कमी करतात आणि दूरच्या श्रोत्यास आवाज येईनासा होतो.

तो श्रोता नेहमीच गप्पांसाठी बसलेला असतो असे नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबारमधील दूरध्वनी बंद पाडले, तेव्हा पोर्ट ब्लेअर येथे योगायोगाने हौशी रेडिओचे केंद्र चालू होते. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी तेथे जगभरच्या हौशी मंडळींशी संपर्क साधण्यासाठी गेले होते. छंद बाजूला ठेवून त्यांनी बेटांवरील लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळविण्याचे काम हाती घेतले. अशा प्रसंगी दुकानात जाऊन दुसरा नट आणण्याची सोय नसते.

म्हणून दुरुस्तीपूर्वी ओळख पटविणे आवश्यक आहे. व्हर्नियरवर फार विसंबू नये. झिजलेली १६ मिलिमीटरची बैठक पाच सुतांसारखीच मापते. पिच गेज जवळ असल्यास उत्तम. नसल्यास खात्रीची एक बैठक घ्यावी, संशयित बैठकीशेजारी समांतर धरून एकीचे आटे दुसरीच्या आट्यांत बसवावेत आणि उजेडाकडे धरून पाहावे. एकजात असतील तर फट दिसत नाही. भिन्न असतील तर दहा आट्यांत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक पडतो आणि प्रकाश स्पष्ट डोकावतो. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

आटे भिन्न निघाल्यास दोहोंपैकी एक भाग बदलणे हाच उपाय. डाय फिरवून आटे पुन्हा पाडण्याचा मोह होतो, परंतु जुन्या आट्यांवर नवे आडवेतिडवे पडून दोन्ही निकामी होतात. पक्कडीने रेटल्यास पितळ खरवडते, आणि प्लगचे अंग केबलसह फिरून जाळीचा डाख तुटतो. हा तुटलेला डाख बाहेरून दिसत नाही, हे अधिकच वाईट. योग्य नट बोटांनीच शेवटपर्यंत फिरतो. ७.१ मेगाहर्ट्झसाठी अर्धतरंगी तार सुमारे २० मीटरची असते. ती नव्याने बांधताना प्रथम जोडणी तपासावी, लांबी नंतर कापावी. सदोष जोडणीमुळे मापक चुकीचा आकडा दाखवितो आणि चांगली तार उगाच आखूड होते.

शेवटी पाणी. ही जोडणी जलरोधक नाही. एकदा थेंब आत शिरला की जाळीच्या तंतूंमधून तो केशाकर्षणाने पुढे सरकत जातो आणि तांबे काळवंडते. कोकणकिनाऱ्यासारख्या खाऱ्या हवेत हे अधिक लवकर घडते. जोडणीवर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी आणि केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी येऊन बाहेरच गळते.