पोंभुर्ल्याचे गणिती

देवगड तालुक्यात ६ जानेवारीला पोंभुर्ल्याकडे गाड्या वळायला लागल्या की समजायचं, पत्रकार दिन आला. बाळशास्त्री जांभेकरांच्या स्मारकाला हार पडतात, भाषणं होतात. माझं आयुष्य हायस्कुलात गणित शिकवण्यात गेलं. बाळशास्त्री गणिताचे प्राध्यापक होते, असं वर्गात म्हटलं की पोरं हमखास विचारायची, "सर, ते पेपरवाले मां?"

पेपरवाले होतेच. १८३२ मध्ये 'दर्पण' काढला तेव्हा ते जेमतेम विशीत होते. पण पोंभुर्ल्यात वडिलांकडे, गंगाधरशास्त्रींकडे, संस्कृत शिकून हा मुलगा मुंबईला गेला, बापू छत्र्यांच्या हाताखाली तयार झाला आणि १८३४ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक म्हणून उभा राहिला. त्या जागेवरचा पहिला भारतीय. गणित आणि खगोलाचे मुख्य प्राध्यापक होते ऑर्लिबार. त्यांच्याकडेच कुलाब्याची वेधशाळा होती, आणि काही काळ तिचा कारभार बाळशास्त्रींनी पाहिला. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. जर्मनीतल्या गाउस या थोर गणितज्ञामुळे तेव्हा जगभर अशा नोंदींचं वारं होतं. १८५९ च्या सौर वादळाची कुलाब्यात टिपलेली नोंद शास्त्रज्ञ आजही उघडून बघतात.

मला सगळ्यात अप्रूप वाटतं ते त्यांच्या 'शून्यलब्धिगणित' या पुस्तकाचं. विषय कॅल्क्युलस, आणि तो मराठीत! मालवणच्या धक्क्यावरून होडी किल्ल्याकडे निघते. अख्ख्या फेरीचा सरासरी वेग कोणीही काढील. पण खडकांमधून वळताना, नेमक्या त्या क्षणी वेग किती? त्या क्षणाभोवतीचा वेळ लहान लहान करत शून्याच्या जवळ न्यायचा, तेवढ्या वेळात कापलेल्या अंतराला त्या वेळाने भागायचं आणि भागाकार कुठल्या आकड्याकडे सरकतो ते बघायचं. आमची मुलं हे अकरावीत शिकतात, बहुतेक इंग्रजीतून, आणि घाबरतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे मराठीत मांडणाऱ्याचं धाडस मला तरी वर्तमानपत्र काढण्याहून कमी वाटत नाही.

मे १८४६ मध्ये ते गेले. वय अवघं चौतीस.

त्यांच्या विद्यार्थ्यांत दादाभाई नौरोजी होते. एल्फिन्स्टनमध्येच ते पुढे गणिताचे पूर्ण प्राध्यापक झाले. आणखी एक विद्यार्थी नागावचे केरो लक्ष्मण छत्रे. कुलाबा वेधशाळेत नोकरी करून केरूनाना नंतर पुण्यात शिकवू लागले. डेक्कन कॉलेजात त्यांच्याकडे गणित शिकलेला रत्नागिरीचा एक मुलगा म्हणजे बाळ गंगाधर टिळक. 'ओरायन' या १८९३ च्या ग्रंथात टिळकांनी वेदांचा काळ ठरवला, तो नक्षत्रांच्या सरकण्याचं गणित मांडूनच.