तळमळीला तयारीची जोड

संकटात सापडलेल्याच्या मदतीला धावून जाणे ही माणसाची सहजप्रवृत्ती आहे. तथापि केवळ धावून गेल्याने प्राण वाचतातच असे नाही. अमेरिकेतील स्वयंसेवी रुग्णवाहिका व बचाव पथकांचा इतिहास याची साक्ष देतो.

अमेरिकेत आगीशी झुंजण्याचे काम पूर्वापार नागरिकांनीच अंगावर घेतले. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ मध्ये फिलाडेल्फियात स्वयंसेवकांचे अग्निशमन दल उभारले. आजही तेथील निम्म्याहून अधिक अग्निशामक स्वयंसेवकच आहेत. परंतु अपघातातील जखमींसाठी मात्र अशी व्यवस्था दीर्घकाळ नव्हती. अनेक गावांत जखमीला रुग्णालयात पोहोचविण्याचे काम अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्यांकडे असे; कारण माणसाला आडवे निजवून नेता येईल असे वाहन बहुधा त्यांच्यापाशीच असे. शववाहिनी हीच रुग्णवाहिका, असा तो विलक्षण योग होता!

या परिस्थितीला छेद दिला तो व्हर्जिनिया राज्यातील रोआनोक शहराने. तेथे १९०९ मध्ये नदीत होडी उलटून दोन जण बुडाले. काठावर माणसे होती. पण बुडणाऱ्यांना वाचवावे कसे, हे कोणासही ठाऊक नव्हते. ते दृश्य पाहणाऱ्या नऊ वर्षांच्या ज्युलियन स्टॅनली वाइज या मुलाने त्याच वेळी मनाशी निश्चय केला. पुढे नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेत नोकरी करीत असताना, १९२८ मध्ये, नऊ सहकाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी ‘रोआनोक लाइफ सेव्हिंग अँड फर्स्ट एड क्रू’ हे पथक स्थापन केले. अमेरिकेतील पहिले स्वतंत्र स्वयंसेवी बचाव पथक म्हणून ते ओळखले जाते. प्रथमोपचार व जलबचाव यांचे आगाऊ शिक्षण हा त्याचा पाया होता.

वाइज यांनी अन्य गावांनाही अशी पथके उभारण्यास साहाय्य केले. कालांतराने अनेक स्वयंसेवी अग्निशमन दलांनीही स्वतःची रुग्णवाहिका व बचाव शाखा सुरू केली. आगीची वर्दी मिळताच हातातले काम टाकून निघणारी माणसे त्यांच्याकडे होतीच. आता त्यांच्या हाती स्ट्रेचर व प्राणवायूची नळकांडी आली. पुढे चेंदामेंदा झालेल्या मोटारीतून माणूस सोडविण्यासाठी द्रवदाबावर चालणारी अवजारेही आली.

तरीही देशभरचे चित्र समाधानकारक नव्हते. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, रुग्णवाहिका सेवेचा सुमारे निम्मा भार अद्यापि अंत्यविधी व्यावसायिकच वाहत होते. या अहवालानंतर रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे निश्चित निकष ठरू लागले. १९६८ मध्ये ‘९११’ या आपत्कालीन क्रमांकावरील पहिला दूरध्वनी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या छोट्या गावातून झाला.

आज स्वयंसेवी पथकांपुढील प्रश्न वेगळा आहे. प्रशिक्षणाचे तास वाढले, तर नोकरी-संसार सांभाळून ते पूर्ण करू शकणारे हात कमी झाले. पण प्रशिक्षणात काटकसर करणे म्हणजे पुन्हा काठावरच्या हतबलतेकडे जाणे होय. गरजेच्या दिवशी उपयोगी पडते ती आधीच्या अनेक दिवसांत थोडी थोडी साठविलेली पुंजी. पैशाच्या बाबतीत सर्वांना पटणारे हे सत्य प्राणरक्षणाच्या कौशल्यालाही तितकेच लागू आहे.