विजेरी घेताना

आपल्या बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात जिला सर्रास ‘बॅटरी’ म्हणतात, ती विजेरी बहुतेक घरांत असते. पण ती विकत घेताना आपण पाहतो काय? दुकानदार पायरीवर उभा राहून समोरच्या देवळाच्या शिखरावर झोत टाकतो, झोत तेथवर पोहोचला की आपण संतुष्ट होतो आणि पैसे मोजतो. वास्तविक रात्री आपल्याला शिखरावर जावयाचे नसते. जावयाचे असते ते बांधावरून, पांदणीतून, ओल्या सरीतून. आणि पाहावयाचे असते ते पाऊल कोठे पडते एवढेच. म्हणून विजेरीची निवड झोताच्या लांबीवरून न करता कामावरून करावी, असे आम्ही सुचवितो.

तसे सुचविण्यास सबळ कारण आहे. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले आणि बहुतेक खेड्यांतले होते. शेतपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते. उसाला दारे धरणाऱ्या माणसाच्या एका हातात तेव्हा खोरे असते, दुसऱ्या हातात विजेरी, आणि पाय चिखलात. घोणस किंवा फुरसे माणसाची चाहूल लागली तरी पुष्कळदा जागचे हलत नाही. आळंदकडील काळ्या रानात माती प्रकाश जणू गिळून टाकते. बिदरच्या पठारावर जांभ्या दगडांच्या रंगात फुरशाचा तपकिरी रंग मिसळून जातो. अशा जागी अरुंद, लांब पल्ल्याचा झोत भाकरीएवढेच वर्तुळ उजळतो आणि त्याच्या कडेला जे असते ते आणखीच दिसेनासे होते. येथे हवा तो पसरट प्रकाश, पायांपुढची चार-पाच पावले एकसारखी दाखविणारा.

हा फरक खोक्यावरील आकड्यांतही दिसतो, मात्र ते आकडे वाचता आले पाहिजेत. ‘लुमेन’ म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती दूर जाईल हे मात्र भिंगावर व परावर्तकावर, म्हणजे प्रकाश किती गोळा केला आहे यावर अवलंबून असते. प्रमाणित पद्धतीने मोजलेला पल्ला २०० मीटर लिहिला असेल, तर २०० मीटरवर तेथे पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उजेड उरतो, असा त्याचा अर्थ. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. तेव्हा लिहिलेल्या पल्ल्याच्या निम्म्यापर्यंतच नीट दिसेल, असे धरून चालावे. बांधावरून चालण्यास पसरट प्रकाशाचे १०० लुमेन पुष्कळ झाले. वीज गेल्यावर घरात अभ्यासाला वीससुद्धा चालतात. उलट घरात हजार लुमेन लावले तर डोळे दिपतात, आणि त्यांना पुन्हा अंधाराची पुरती सवय होण्यास वीस-तीस मिनिटे जातात. म्हणून मंद-प्रखर करण्याची सोय असलेली विजेरी घ्यावी.

लांब पल्ल्याची विजेरी निरुपयोगी आहे, असे मात्र नव्हे. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेल्या माणसाला रानडुकरे शेताच्या पलीकडच्या टोकालाच दिसावयास हवीत. तेथे अरुंद झोतच खरा. दारे धरणाऱ्याला कपाळावर बांधावयाची विजेरी सोईची, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. तिच्यावर पावसाळी किडे येऊन तोंडावर आपटतात, हा तिचा जाच आहे खरा. पण तो सोसण्याजोगा आहे.

आता सेलांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण विजेऱ्या बहुधा येथेच दगा देतात. पूर्वीच्या पितळी नळीत दीड-दीड व्होल्टचे दोन-तीन मोठे सेल बसत आणि तारेचा दिवा त्यांतील बहुतेक शक्ती उष्णतेत घालवी. आजचा पांढरा एलईडी निळ्या एलईडीवर पिवळ्या द्रव्याचा थर देऊन केलेला असतो. त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे थोड्या शक्तीत पुष्कळ उजेड मिळू लागला. सेल नासण्याचे दुःख मात्र राहिलेच. नवा सेल जुन्याबरोबर घालू नये. विजेरी महिनोन्‌महिने पेटीत ठेवावयाची असेल तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतील पट्ट्या गंजतात. सेल उन्हात ठेवले की पुन्हा उजेड देतात, हे खरे आहे. उष्णतेने आतील रासायनिक क्रिया थोडी वेगाने होते एवढेच. संपलेले द्रव्य त्याने परत येत नाही.

बाजारातील स्वस्त ‘चार्जिंगच्या’ विजेऱ्यांत वाहनाच्या बॅटरीप्रमाणे शिसे व आम्ल यांची लहान डबी असते. ती रिकामी पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर कठीण स्फटिक धरतात आणि पुढे ती भरेनाशी होते. वापर नसला तरी महिन्यातून एकदा ती भरावी. लिथियमचा सेल हलका व टिकाऊ असतो, परंतु त्यात फसवणूक फार. बोटाहून थोड्या जाड अशा नेहमीच्या लिथियम सेलवर ‘९९०० मिलिअँपिअर-तास’ छापलेले आढळते. त्या आकारात साधारण साडेतीन हजारांच्या आसपासच शक्ती मावते. खरा सेल ४५ ग्रॅमच्या जवळपास भरतो. हातात पिसासारखा हलका लागला तर तो तेथेच परत द्यावा.

पाण्याचाही विचार हवा. बिदरच्या नरसिंह झऱ्याच्या भुयारात भाविक छातीभर पाण्यातून दर्शनाला जातात. आत विजेचे दिवे आहेत; पण अशा जागी स्वतःची विजेरी न्यावयाची झाली तर ‘आयपीएक्स ७’ अशी खूण पाहावी. ती असलेली विजेरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकली पाहिजे. ‘आयपीएक्स ४’ म्हणजे केवळ शिंतोड्यांपासून रक्षण. पावसात चालेल, विहिरीत पडली तर नाही.

दुकानात विजेरी पारखावयाची तर शिखराकडे धरू नये. शक्य तो दिवस मावळल्यावर जावे, ती कमरेशी धरून झोत समोरच्या जमिनीवर टाकावा आणि चार पावलांवर पडलेली सुतळी ओळखता येते का ते पाहावे. बटण ओल्या हाताने व अंधारात चाचपूनही सापडले पाहिजे. घरी आणल्यावर तिची जागा दाराशेजारच्या खुंटीवर, गमबुटांच्या वर.