‘किल्ला’ आणि मागचा बाक

पेण ते रोहा या रोजच्या गाडीत माझी एक फुकटची करमणूक असते. सिनेमा-मालिकांवरची मतं ऐकणं! ‘हीरो एकदम झकास’, ‘त्या सासूला कामच येत नाही’... मत द्यायला पैसे थोडेच पडतात? मीही देतो.

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ वर्गात लावला, तेव्हा मुलं कंटाळणार हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. मारामारी नाही की धावपळ नाही. वडील गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईची बदली झाली म्हणून पुणं सोडून कोकणात येतो, एवढीच गोष्ट. पार्थ भालेरावचा बंड्या दिसला की वर्ग खदखदून हसायचा. अमृता सुभाषची आई मला फार आवडली. पण अर्चित देवधरचा चिन्मय? “जरा घुमाच आहे,” मी बोलून गेलो.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. त्याच वर्षी बाहेरगावाहून आलेली, वर्गात तोंड न उघडणारी.

“गुरुजी, तो घुमा नाहीये. नवीन आहे.”

मी गप्पच झालो.

घरी येताना आठवलं. २०१४ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात याच ‘किल्ला’ला स्फटिकाच्या अस्वलाचं बक्षीस मिळालं होतं, आणि ते देणारे परीक्षक मुलंच होती. तुमच्याएवढी!

ती मुलगी हल्ली मधल्या सुट्टीत लंगडी खेळते. राज्य आलं की कडाकडा भांडतेसुद्धा.