साडीचा रंग आणि कॅमेऱ्याचे गणित

सुरतच्या रिंग रोडवरील कापड बाजारातून कृत्रिम धाग्याच्या साड्या देशभर रवाना होतात. खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे या उद्योगावर उपजीविका करीत असून लिंबायत, उधना या भागांत मराठी सर्रास कानी पडते. पूर्वी गावोगावच्या दुकानदारांना नमुन्याचे तुकडे दाखविले जात. आता मोबाइलवरील छायाचित्र पाहूनच मालाची मागणी नोंदविली जाते. छायाचित्रात मोतिया भासलेली साडी प्रत्यक्षात फिकी पिवळी निघाली, तर ती परत येते आणि वाहतुकीचा भुर्दंड बहुधा लहान विक्रेत्यालाच सोसावा लागतो. यात फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. पुष्कळदा चूक उजेडाच्या हिशेबात झालेली असते.

लोहाराच्या भट्टीतील लोखंड प्रथम लाल, मग पिवळे व अधिक तापल्यावर पांढरे दिसते. याच तत्त्वावर उजेडाचा रंग केल्विन या एककात मोजला जातो. मेणबत्ती सुमारे १९००, जुना तारेचा बल्ब २८००, दुपारचे ऊन ५५००, ढगाळ आकाश ६५०० आणि सावली ७०००हून अधिक, असे हे अंक आहेत. अंक जितका मोठा, तितका उजेड निळसर. माणसाचा मेंदू हा फरक नकळत सावरून घेतो. कॅमेऱ्याला मात्र तो सांगावा लागतो. त्यासाठीच कॅमेऱ्यात ‘व्हाइट बॅलन्स’, म्हणजे श्वेतसंतुलनाची, सोय असते.

बल्बच्या उजेडात ‘बल्ब’ हे चिन्ह निवडले की कॅमेरा निळ्या छटेची भर घालून पिवळेपणा काढतो. तीच निवड कायम ठेवून उन्हात छायाचित्र घेतल्यास सारे चित्र निळे पडते. ट्यूबलाइटची हिरवट झाक काढण्यासाठी वेगळे चिन्ह असते.

‘ऑटो’ या स्वयंचलित निवडीवर सर्वांची भिस्त असते आणि कापडाच्या बाबतीत नेमकी तीच दगा देते. चित्रातील सर्व रंगांची सरासरी करडी असावी, असे साधारण गृहीत धरून ही यंत्रणा बेतलेली असते. चौकटभर एकच पिवळी साडी पसरली, की तो पिवळेपणा उजेडाचा दोष समजून कॅमेरा पुसून टाकतो. आधुनिक मोबाइल याबाबत अधिक चतुर आहेत; तरीही एकरंगी कापडापुढे तेही चुकतात.

यावर उपाय खर्चिक नाही. साडी जेथे मांडली असेल, तेथेच करडे कार्ड ठेवून त्यावरून श्वेतसंतुलन निश्चित करावे व उजेड बदलेपर्यंत ते बदलू नये. पांढऱ्या कागदानेही काम भागते. मात्र लखलखीत दिसावा म्हणून पुष्कळ कागदांत निळसर चमक आणणारे द्रव्य घातलेले असते, त्यामुळे थोडी चूक राहते. खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र असल्यास कोणतीच निवड संपूर्ण साडीला लागू पडत नाही. अशा वेळी दिवा मालवावा.

एक अडचण मात्र कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरची आहे. निरनिराळ्या रंगद्रव्यांनी रंगविलेली साडी व ब्लाउजचे कापड दुकानाच्या दिव्याखाली एकसारखे दिसते आणि उन्हात वेगळे. कापड दुकानाच्या दाराशी नेऊन पाहणाऱ्या स्त्रिया हे फार पूर्वीपासून जाणतात.