भोंगा थांबला, गप्पा चालू आहेत

स्विंडन : सप्टेंबरात इंग्लंडमधली बरीच कुलुपं निघतात. एरवी बंद असणारी जुनी न्यायालयं, चर्चचे मनोरे, गिरण्या, खासगी वाडे दहा दिवस कुणालाही फुकट पाहता येतात. ‘हेरिटेज ओपन डेज’ नावाचा हा उपक्रम इंग्लंडमध्ये १९९४ साली सुरू झाला. मूळ कल्पना फ्रान्सची, १९८४ सालची. तिथून ती युरोपभर पसरली. दारात उभं राहून माहिती सांगणारे बहुतेक जण गावातलेच असतात आणि विनामोबदला राबतात.

किल्ले आणि वाडे कुणीही दाखवील. स्विंडनचे लोक मात्र बंद पडलेला कारखाना दाखवतात, आणि तोही अभिमानाने. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा हा कारखाना १८४३ साली सुरू झाला. ऐन भरात सुमारे १४ हजार माणसं तिथे राबत होती. घरं कंपनीची, दवाखाना वर्गणीचा. १८४७ साली निघालेल्या वैद्यकीय फंडासाठी कामगारांच्या पगारातून थोडे पैसे कापले जात आणि सगळ्या कुटुंबाला डॉक्टर मिळे. आजच्या ब्रिटिश सरकारी आरोग्यसेवेची कल्पना इथूनच उचलली, असं स्विंडनकर छातीठोकपणे सांगतात. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन १९६० साली इथूनच बाहेर पडलं. मार्च १९८६मध्ये कारखान्याचा भोंगा शेवटचा वाजला. आता त्या आवारात एकीकडे रेल्वे संग्रहालय आहे, एकीकडे कपड्यांची भारी दुकानं आहेत आणि जवळच नॅशनल ट्रस्टचं मुख्यालय आहे. सप्टेंबरातल्या खुल्या दारांचं संयोजन याच संस्थेने केलं आहे.

उरलेलं वर्षभर व्याख्यानं चालू असतात. इथल्या बहुतेक गावांत स्थानिक इतिहासाचं एखादं मंडळ असतं. महिन्यातून एक संध्याकाळ, चर्चचा किंवा ग्रंथालयाचा हॉल, दोन-चार पौंड प्रवेश. साडेसातचं व्याख्यान साडेसातला सुरू होतं. समई नाही, स्वागतगीत नाही, शाल-श्रीफळ नाही; प्रमुख पाहुणेच नसल्यामुळे त्यांची वाट पाहण्याचाही प्रश्न येत नाही. अध्यक्ष उठतात, आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर पडायचं ते सांगतात आणि वक्त्याचं नाव घेऊन खाली बसतात. मध्ये चहा-बिस्किटं, शेवटी रॅफल, म्हणजे तिकिटांची सोडत. बक्षीस म्हणजे चॉकलेटचा डबा नाहीतर वाइनची बाटली. हॉलचं भाडं भरायला या रॅफलचा हातभार लागतो.

खरी रंगत प्रश्नोत्तरांत येते. वक्ता पडद्यावर जुना फोटो टाकतो आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘ती भिंत बॉयलरखात्याची नव्हे, मी तिथेच होतो.’ वक्ता मुकाट्याने दुरुस्ती टिपून घेतो. अशाच एका संध्याकाळी एका निवृत्त कामगाराने खिशातून नंबर कोरलेला पितळी बिल्ला काढला. सकाळी फाटकातून आत शिरताना प्रत्येकाने आपला बिल्ला उचलायचा. तो जागेवर राहिला तर माणूस उशिरा आला असं ठरायचं आणि पैसे कापले जायचे. म्हाताऱ्याला प्रश्न ओरडून विचारावे लागत होते. रिव्हेट ठोकण्याच्या दणदणाटात त्याच्या खात्यातल्या कितीतरी जणांचे कान कायमचे गेले होते. बिल्ला हातोहात फिरला, तसे इतरही बोलू लागले. जुलैतल्या ‘ट्रिप’चा विषय निघाला. कंपनी कामगारांना फुकट गाड्या द्यायची, हजारो कुटुंबं एकाच वेळी समुद्राकडे निघायची आणि गाव ओस पडायचं. एक बाई म्हणाल्या, की त्यांच्या आजोबांच्या वेळी ही सुट्टी बिनपगारी असे, त्यामुळे समुद्रावरून परतल्यावर घरात कित्येक दिवस ओढाताण चाले. हे सगळं कुणीतरी लिहून घेत होतं.

या हौसेला पाठबळ आहे. चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी १५३८पासून ठेवायचा हुकूम होता. जुने कागद सांभाळायला जिल्ह्याजिल्ह्यांत अभिलेखागारं आहेत. लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने १९४८ साली स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग काढला. तो उभा करणाऱ्या डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ साली शेताचे बांध, पायवाटा आणि कुंपणं वाचून इंग्लंडचा इतिहास लिहिला. तेव्हापासून इतिहास सांगायला राजघराण्याची गरज उरली नाही.

गोव्यातल्या आमच्या कारापुरातही इतिहासाची वाण नाही. वाळवंटी नदीच्या एका काठाला विठ्ठलापूर, दुसऱ्याला साखळी. शेजारच्या सत्तरीत दीपाजी राण्यांचं १८५२चं बंड झालं. हरवळ्याला लेणी आहेत, नार्व्याला शिवाजी महाराजांनी १६६८ साली पुन्हा उभं केलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापुरात त्रिपुरासुराचा वध होतो, हौशी मंडळी आपल्या हातांनी बनवलेल्या होड्या दिवे लावून नदीत सोडतात आणि काठावर पाय ठेवायला जागा उरत नाही. हा वारसा कसा जपायचा हे इंग्रजांनी आम्हाला शिकवायला नको.

पण आमच्या डिचोली तालुक्याची गेली सत्तर वर्षं खाणींवर गेली. डोक्यावर पाट्या घेऊन खनिज वाहणाऱ्या बाया, रात्रपाळीचे ट्रकवाले, सारमानसच्या जेटीवर बार्ज लागण्याची वाट पाहणारे खलाशी, धुळीने लाल झालेली शेतं हाही इतिहासच आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. लिलावानंतर काही चालू झाल्या. वर्तमानपत्रांत लीज, महसूल आणि न्यायालयाचे निकाल भरपूर आले. व्याख्यानाच्या व्यासपीठावर मात्र कुणा ट्रकवाल्याला खुर्ची मिळालेली दिसत नाही.

स्विंडनमध्ये आम्ही गोंयकार, म्हणजे गोव्याचे लोक, बरेच आहेत. इतके कसे, तर पोर्तुगीज पासपोर्टमुळे. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये नोंद करून तो मिळतो, आणि ब्रेक्झिटपर्यंत त्यावर इथे कामाला येता येत होतं. त्यासाठी आजीचा जन्मदाखला हुडकायला घराघरांतली माणसं कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती. आजी जन्मली कधी हे अशा प्रकारे सगळ्यांना कळलं. ती राबली कुठे, हे विचारायचं राहूनच गेलं.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. या व्याख्यानांना साठीच्या आतला माणूस तरुण ठरतो आणि सावळे चेहरे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. कामगारांनी १८५५ साली उभारलेली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटची देखणी इमारत कारखाना बंद झाल्यापासून वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिली. २०२१ साली होंडाचा इथला मोटारकारखानाही बंद झाला. गोदामांत रात्रपाळी करणारे गोंयकार हे या गावाच्या इतिहासाचं पुढचं प्रकरण आहे, पण ते अजून पडद्यावर आलेलं नाही. ते इंग्रज मंडळी आपण होऊन लिहितील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही; ते आपणच सांगायला हवं.

तेव्हा इथे जे करायचं तेच कारापुरातही करता येईल. त्रिपुरारीला गाव जमतंच. त्याच आठवड्यात एक संध्याकाळ पंचायतीच्या हॉलमध्ये जुन्या ट्रकवाल्यांना, खलाशांना, पाट्या वाहिलेल्या बायांना बोलवावं. हाजरीची पुस्तकं, पगाराच्या चिठ्ठ्या, फोटो घेऊन या म्हणावं. कॉलेजातल्या मुलांनी मोबाइलवर बोलणं टिपावं, कागदांचे फोटो काढून मूळ कागद ज्याचे त्याला परत द्यावेत आणि नोंदींची एक प्रत ग्रंथालयात ठेवावी. भाषणं कमी, प्रश्न जास्त. प्रमुख पाहुणे हवेच असतील तर बार्जवर सर्वांत जास्त वर्षं काढलेल्या माणसाला तो मान द्यावा. खर्च म्हणाल तर चहा-बिस्किटांचा, आणि तो रॅफलमधून निघतो.